मुकुंददादाची चाल बाकी आहे

आई स्वतःहून कोणाला फोन लावत नाही. आलेला घेते, तोही हातातलं काम संपवून. त्यामुळे त्या दुपारी महाराजपुरच्या आमच्या घरी तिचा फोन आला, तेव्हाच माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं, असं आता भेटायला येणारे सगळे मला सांगतात. धस्स वगैरे काही झालं नाही. मी मेथी निवडत बसले होते, डाव्या हातानं फोन कानाला लावला. "नीलू, मुकुंदा उठून नाही राहिला," आई म्हणाली. "हाक मारली मी. चहा गार झाला त्याचा." आवाज अगदी रोजचा, दूधवाला आला नाही हे सांगतानाचा. मी म्हणाले, झोपला असेल, उठेल. त्यावर ती म्हणाली, "नाही गं... तू ये." मी निवडलेली मेथी फ्रीजमध्ये ठेवली, काड्या कचऱ्यात टाकल्या, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि स्कूटर काढली. महाराजपुरहून राइट टाऊनला आईच्या घरी जाईपर्यंत मी कशाचा विचार करत होते, हे मला आजही आठवत नाही. सगळे सिग्नल मात्र मी पाळले.

माझा थोरला भाऊ मुकुंद बैठकीतल्या त्याच्या वेताच्या खुर्चीत होता. वर्तमानपत्र मांडीवर, चष्मा नाकावर, मान थोडी कललेली. शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले होते आणि त्यांची बायको आईजवळ उभी होती. "सोते-सोते चले गए, दीदी. कोई तकलीफ नहीं हुई," ती मला म्हणाली. आई खिडकीखालच्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी, तिच्या नेहमीच्या जागेवर बसलेली. स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडलेला, अर्धा खेळलेला. बाजूच्या स्टुलावर दादाचा चहा, वर साय धरलेली. दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि मला काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला. खरंच सांगते, भाऊ गेल्यावर मी केलेली पहिली गोष्ट ही. खेळ बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, डाव सेव्ह करायचा का? मी ‘सेव्ह’ दाबलं, रीतसर शट डाऊन केलं आणि स्क्रीन काळी होईपर्यंत उभी राहिले. दादाची घरात तशी सक्त ताकीदच होती. बटण दाबून कॉम्प्युटर मारायचा नाही, त्याला आवरायला वेळ द्यायचा. मग मी कप उचलला आणि मोरीत नेऊन विसळला.

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. याबद्दल लोकांना माझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. "मोकळी हो गं," म्हणून पाठीवर हात फिरवतात, आणि मला त्यांच्या अंगठ्या टोचतात, एवढंच जाणवतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, तेव्हा जीभ लावली तर हिरडी असते आणि आपली नसते, तसं काहीसं. तेव्हा या लेखात कोणी हुंदका शोधू नये. मला फक्त दादा कसा होता ते लिहायचं आहे, आणि त्याच्या माघारी एका जुन्या कॉम्प्युटरचं काय झालं ते.

दादा टेलिफोन खात्यात होता. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं, तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायचा, "आईनं मलाच कसंबसं सांभाळलं, अजून एकीला काहून त्रास?" आणि विचारणाऱ्याच्या हातात चहाचा कप द्यायचा. घरात काहीही बिघडलं की ते आधी त्याच्याकडे जायचं. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा रेडिओ, माझ्या लग्नात आलेलं घड्याळ. आईनं टाकून दिलेला स्टीलचा मिसळणाचा डबा त्यानं उचलून ठेवला होता. ज्या वाट्यांमध्ये एके काळी मोहरी, जिरं, हळद असायची, तिथं आता स्क्रू. मोठे एकीत, बारके दुसरीत, आणि मधल्या वाटीत ‘हे कुठले होते बरं’ असे. दुरुस्ती संपली की मधल्या वाटीत एखादा स्क्रू उरायचाच. मी हसले की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "कंपनीवाले जास्तीचे लावून राहिलेत आजकाल." तो डबा उघडला की अजूनही हिंगाचा वास येतो.

आईचे पत्ते हा आमच्या घरातला जुना विषय. तिच्या तारुण्यात राइट टाऊनमध्ये मराठी घरं पुष्कळ होती आणि दुपारी जेवणं आटोपली की चौघी-पाचजणी रमी खेळायला आमच्याकडे जमत. मग कोणाचा मुलगा पुण्याला गेला आणि आईवडिलांना घेऊन गेला, कोणी नागपूरला परत गेलं, कोणी देवाघरी. शेवटी आई आणि कुळकर्णीमावशी दोघीच उरल्या, आणि दोघींत रमी रंगत नाही म्हणून भांडत खेळत. मावशी गेल्या त्या वर्षी आईनं पत्त्यांचा जोड रुमालात बांधून कपाटात ठेवला आणि दुपारी नुसती खिडकीत बसू लागली. तेव्हा दादानं तिला कॉम्प्युटरवरचे पत्ते शिकवले. एकट्यानं लावायचे ते, राजापासून खाली, काळ्यावर लाल, लालवर काळं. आईनं सुरुवातीला फार संशय घेतला. "पिसते कोण? आपण पाहिलं नाही तर लबाडी करत असेल," म्हणायची. मग लागली गोडी. दादानं पत्ते मोठे करून दिले, माऊसचा वेग मंद केला, मागचं चित्र काढून साधा हिरवा रंग ठेवला, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला त्यावरच नीट दिसायचं. इंटरनेटची वायर त्यानं काढूनच टाकली होती. जुनी विंडोज, आता तिला कोणी वाली नाही, बाहेरच्या जगाशी संबंध नको, म्हणायचा. नव्या विंडोजमध्ये तो खेळ तसा येत नाही, आणि आईला तोच हवा.

दोघांचा एक नियम होता. आई अडली की हाक मारायची, "मुकुंदा, बघ रे जरा." तो वर्तमानपत्र ठेवून उठायचा, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकायचा, थोडा वेळ बघितल्यासारखं करायचा आणि एक पत्ता हलवायचा. एकच. "एकच चाल माझी. बाकी तुझं तू." आणि परत खुर्चीत. मी तिथं असले तर मला नवल वाटायचं, कारण ती चाल बहुतेक वेळा अगदी समोर दिसणारी असायची. रमीत भल्याभल्यांना गप्प केलेल्या बाईला लाल नव्वीवर काळी अठ्ठी दिसत नाही, म्हणजे डोळ्यांना पुन्हा दाखवायला हवं, असं मी एकदा दादाला म्हटलं. तो म्हणाला, "दाखवू ना." दाखवलं नाही.

एका उन्हाळ्यात, सगळं बंद होतं त्या काळात, तो कॉम्प्युटर पहिल्यांदा मेला. दादानं उघडून बघितलं तर मदरबोर्डावरची छोटी छोटी नळकांडी वरून फुगलेली. दुकानं उघडायला लागल्यावर ज्यानं त्यानं हेच सांगितलं की नवा बोर्ड टाका आणि फॉर्मॅट मारा, विंडोज नव्यानं घाला. फॉर्मॅट हा शब्द दादासमोर काढायची सोय नव्हती. "घराचा ओटा फुटला तर ओटा बदलतात," तो फोनवर कोणावर तरी ओरडत होता, "भांडी, डबे, माणसं सगळी बाहेर काढून घर नव्यानं मांडून नाही देत कोणी! आळस आहे हा, दुसरं काही नाही." सिहोऱ्याला त्याचे खात्यातले एक जुने सहकारी राहतात. त्यांच्याकडे त्याच सुमाराचा बोर्ड पडून होता. बसच्या कंडक्टरच्या हाती तो आला, टॉवेलात गुंडाळलेला, वर गव्हाच्या कुरडयांचा पुडा. दादानं जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. मला टॉर्च धरायला लावली. आईला खुर्ची दिली आणि तिला प्रत्येक गोष्ट सांगत सांगत तो काम करत राहिला, ही त्याची लहानपणापासूनची सवय. हा पंखा काढला, हा प्रोसेसर, याला सांभाळायचं, ही तुझ्या पत्त्यांची डिस्क, हिला हात लावायचा नाही. बोर्ड बसला, वायरी लागल्या, बटण दाबलं, आणि स्क्रीन निळी. पांढरी अक्षरं आली आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पुन्हा निळी. मी म्हटलं, झालं. दादा मात्र खूश दिसत होता. त्यानं आईला काहीतरी समजावलं, काळ्या पाटीवरची एक सेटिंग बदलली आणि पत्ते परत आले. मग विंडोजनं ‘ही प्रत अस्सल आहे का’ म्हणून विचारलं, तेव्हा दादानं फोन लावला आणि पलीकडच्या यांत्रिक बाईला भले मोठे आकडे एकेक करून, एक्स्चेंजच्या जुन्या आवाजात, अगदी चवीनं वाचून दाखवले.

तो गेल्यावरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बंगळुरूहून माझा मुलगा रोहन आला, त्यानं सगळं केलं. दहाव्याला ग्वारीघाटावर गेलो. गुरुजी मराठी विधी हिंदीतून समजावत होते आणि रोहन माझ्याकडे बघून हळूच विचारत होता, "आई, अभी क्या करना आहे?" नावाडी बाजूला उभे राहून आमचं संपायची वाट बघत होते. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, की मागं काही राहिलं नाही त्याचं. मला वाटलं, राहिलं कसं नाही? आणि मग वाटलं, मला उन्हाचं डोकं दुखतंय. येताना घाटावरून नर्मदेचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं.

आमच्याकडे सुतक फिटलं की घर धुतात आणि सगळीकडे नर्मदेचं पाणी शिंपडतात. ते आईनं स्वतः केलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तुळशीची काडी, खोलीखोलीतून फिरली. आम्ही कोणी अडवलं नाही. अंथरुणं, कपाटं, देव्हारा, वेताची खुर्ची. दादाच्या वस्तूंवर तिनं जास्त पाणी घातलं. त्याच्या चपला, त्याची पुस्तकं, मिसळणाचा डबा, आणि टेबलाखाली उभा असलेला कॉम्प्युटरचा डबा, ज्याचं झाकण दादा गरम होतो म्हणून बारा महिने काढूनच ठेवायचा. काडीनं शिंपडून तिचं समाधान झालं नाही. तिनं ओंजळीनं घातलं. मेन स्विच चालूच होता, कारण तो बंद करायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तेराव्याची माणसं जेवून गेली, रोहनही परत गेला, आणि मग एका दुपारी आई पहिल्यांदा टेबलाशी जाऊन बसली आणि तिनं बटण दाबलं. टक्‌ असा आवाज झाला. जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी स्वयंपाकघरातून आले तर आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. "मी मारलं गं," ती म्हणाली. "नर्मदामाईचं पाणी म्हणून घातलं मी. मी मारलं."

मी तिला म्हटलं, यंत्र आहे, जळलं तर जळलं, दुसरं आणू. ती म्हणाली, "डाव?" मी म्हटलं, नवा लावू. तिनं मान हलवली. "तोच पाहिजे. त्या दिवशीचा." एवढंच बोलली आणि उठून देवाच्या खोलीत गेली. त्यानंतर ती बैठकीच्या खोलीत येईनाशी झाली. जेवण देवाच्या खोलीतच, तेही चिमणीएवढं. मुलगा गेला तेव्हा ती इतकी गप्प झाली नव्हती. बोलायची, आल्यागेल्याचं करायची, मला ओरडायचीसुद्धा. आता विचारलं तर हं, नाही विचारलं तर तेही नाही. मला भीती वाटायला हवी होती, आणि या वेळी ती खरोखरच वाटली. इतक्या दिवसांत मला काहीतरी वाटलं असेल तर ते हे. दादाला मी काही करू शकले नव्हते. पण हा डाव डिस्कवर कुठेतरी असणार, कारण ‘सेव्ह’ मीच दाबलं होतं.

रोहनला फोन केला. तो म्हणाला, "आई, तो गेम तर फ्रीमध्ये भेटतो. मी नवा लॅपटॉप पाठवून देतो ना आजीला, टेन्शन काहून घेते?" लेकरू चांगलं आहे. त्याला काय सांगणार! मी दादाची पिशवी घेतली, त्यात कॉम्प्युटरचा डबा उभा करून रिक्षानं मार्केटमध्ये गेले. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. उघडून बघताच त्यानं बोट ठेवलं. बोर्डावर एके ठिकाणी काळा डाग. "बोर्ड गया, दीदी. डिस्क सही है, बाकी सब सही है. बोर्ड पुराना डाल देता हूँ, सेकंडहैंड. फॉर्मेट करके नया विंडोज दे दूँगा, मक्खन चलेगा." मी म्हटलं, फॉर्मॅट नाही करायचा. "दीदी, बोर्ड बदलेगा तो विंडोज पकड़ेगा नहीं. डेटा निकाल के दे दूँगा ना, फोटो-वोटो सब." फोटो नकोत मला, मी म्हटलं, डिस्कवर जे जसं आहे ते तसंच हवं. त्यानं विचारलं, "ऐसा क्या है इसमें?" मी सांगितलं, पत्त्यांचा अर्धा डाव आहे. तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला. मग बहुधा माझ्या वयाचा मान राखून म्हणाला, "अच्छा... चलो, आपकी मर्ज़ी. पर नीली स्क्रीन आएगी, फिर मत कहना." प्रोसेसर आणि पंखा नव्या, म्हणजे दुसऱ्या जुन्या, बोर्डावर त्यानंच बसवून दिले. बाकीचं मी घरी करेन म्हटलं. मी शाळेत गणित शिकवलं, स्क्रूड्रायव्हर मला काही नवा नाही, आणि त्या दुकानात कोणाचं बोट चुकून भलतीकडे पडलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी टेबलावर जुनी चादर अंथरली. मिसळणाचा डबा आणला. जुना बोर्ड काढायच्या आधी मोबाइलवर सगळ्या वायरींचे फोटो काढले. स्क्रू वाट्यांत टाकत गेले, मोठे मोठ्यांत, बारके बारक्यांत. जुना बोर्ड उचलला तेव्हा खालून तुळशीचं एक पान निघालं, वाळलेलं. ते मी मधल्या वाटीत ठेवलं. नवा बोर्ड बसवणं अवघड नाही. अवघड असतात त्या पुढच्या बटणांच्या केसासारख्या वायरी, त्यांची जागा नखाएवढी आणि नावं मुंगीएवढी. चष्मा काढून, घालून, भिंग लावून शेवटी त्या बसल्या. डिस्कची वायर जोडली. बटण दाबलं. पंखा फिरला, अक्षरं आली, विंडोजचं चिन्ह उमटायला लागलं, आणि स्क्रीन निळी झाली. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा निळी. मी खुर्चीत बसून ते बघत राहिले. त्या मुलानं आधीच सांगितलं होतं, त्याचा काही दोष नाही. आता फॉर्मॅट, मग नवा लॅपटॉप, मग आई देवाच्या खोलीत... माझ्या डोक्यात एवढंच येत होतं, आणि तेही लांबून, दुसऱ्या कोणाच्या घरातलं असावं तसं.

"निळी आली का?" मागून आवाज आला. आई दारात उभी होती, चौकटीला धरून. पंख्याचा आवाज ऐकून आली असावी. मी म्हटलं, हो. "तेव्हाही आली होती," ती म्हणाली. हळूहळू चालत टेबलापर्यंत आली. "तेव्हा तो काळ्या पाटीत गेला होता. सुरू होताना एक बटण दाबत राहायचं, मग ती येते. तिथं एक शब्द बदलला त्यानं." कोणता शब्द? आई आठवू लागली. "मला म्हणाला होता, आई, ही डिस्क तुझ्यासारखी आहे, म्हातारी. नवा बोर्ड तिच्याशी नव्या भाषेत बोलून राहिला. तिला कळून नाही राहिलं, म्हणून ती घाबरली. तिच्याशी जुन्याच भाषेत बोलायला सांगू त्याला, मग ती उठते. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. रोहन येतो तर माझ्याशी हिंदीत बोलते. मला समजते सगळं, पण..." तिनं स्क्रीनकडे बोट केलं. "शब्द छोटा होता. जो होता तो लांब होता, त्याच्या जागी छोटा घातला."

मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि डिलीटचं बटण दाबत राहिले. काळी पाटी आली, म्हणजे विंडोज जागी व्हायच्या आधीची, बोर्डाची स्वतःची. आई माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. एकेक पान उलटत गेलो. एका ठिकाणी डिस्कशी बोलायची पद्धत लिहिली होती आणि तिथं चार अक्षरी शब्द होता, एएचसीआय. एंटर दाबलं तर खाली दुसरा शब्द, तीन अक्षरांचा, आयडीई. "हाच," आई म्हणाली. मी तो निवडला, सेव्ह करून बाहेर पडले. विंडोजचं चिन्ह उमटलं. चिन्ह तसंच राहिलं, राहिलं, आणि मग हिरवा रंग आला. साधा, दादानं ठेवलेला. खाली एकामागून एक पाट्या यायला लागल्या की नवीन उपकरण सापडलं, ओळख करून घेत आहे. कॉम्प्युटर जुन्या बोर्डाची एकेक वस्तू शोधत होता, ती मिळत नव्हती, आणि जे मिळालं त्यावर तो निभावून नेत होता. एकदा त्यानं पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली, ती दिली. कोपऱ्यातली तारीख भलतीच दिसत होती, कित्येक वर्षांपूर्वीची, कारण या बोर्डाचा छोटा सेल संपलेला. त्या तारखेला दादा एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर असणार. मी ती दुरुस्त केली.

मग मी उठले आणि आईला खुर्ची दिली. तिनं पदरानं चष्मा पुसला, माऊस हातात घेतला आणि पत्त्यांच्या चित्रावर नेऊन दोनदा दाबलं. खेळानं विचारलं की सेव्ह केलेला एक डाव आहे, तो पुढे चालू ठेवायचा का? "हो म्हण," आई म्हणाली, जणू माऊस माझ्याच हातात होता, आणि तिनंच हो दाबलं. पत्ते मांडले गेले. वर डाव्या हाताला उरलेली गड्डी, खाली रांगा, मधे चौकटची राणी एकटीच. आई बघत राहिली. "इथंच हाक मारली होती मी त्याला," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून वाकले. शेवटच्या रांगेच्या टोकाला इस्पिकची अठ्ठी होती आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला बदामची सत्ती. काळ्यावर लाल. इतकं उघड होतं की शाळेतल्या पोरानंही हलवलं असतं.

"आई, दिसत नव्हतं का तुला?" मी विचारलं.

"दिसत होतं की," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय! बसून बसून कंटाळते तो. उठावं जरा, म्हणून हाक मारते मी. त्यालाही ठाऊक आहे." तिनं बाजूच्या स्टुलाकडे पाहिलं. "चहाही घ्यायचा होता त्याचा."

मी तिच्या हातावर हात ठेवला, म्हटलं, तू कर चाल. तिनं माऊस सोडला. "ती त्याची आहे," ती म्हणाली. "राहू दे. सेव्ह कर."

आता मी रोज दुपारी महाराजपुरहून येते. आई बैठकीत जेवते, माझ्या भाजीला नावं ठेवते. जेवण झालं की टेबलाशी बसते आणि कॉम्प्युटर सुरू करते. स्क्रीनच्या कोपऱ्यात हल्ली एक ओळ येते, ही प्रत अस्सल असल्याची खात्री पटत नाही म्हणून. फोनवर आकडे वाचून दाखवायला मी बसणार नाही. नाही पटली तर नाही पटली. खेळ विचारतो, जुना डाव पुढे चालू ठेवायचा का, आई हो म्हणते. पत्ते मांडले जातात. ती थोडा वेळ बघते, वेताच्या खुर्चीकडे एकदा बघते, आणि बंद करते. डाव सेव्ह करायचा का? हो. मग कपाटातला रुमाल सोडून खरे पत्ते काढते, आम्ही दोघी रमी खेळतो, आणि दोघींत रमी रंगत नाही म्हणून ती मला बोलते. चार वाजता मी चहा टाकते. दोनच कप टाकायचे, हे मला अजून दर वेळी मुद्दाम आठवावं लागतं. स्क्रू सगळे बसले, मधल्या वाटीत ते तुळशीचं पान आणि एक स्क्रू उरला आहे. इस्पिकची अठ्ठी तिथंच आहे, बदामची सत्तीही.